चार सक चोवीस

"तू एक गुंज जास्त टाकलीस," बनूआत्या म्हणाली.

"नाही गं आत्या. रोज दिवा लावला की एकच टाकते. काल दोन होत्या, आज तीन झाल्या."

"मग परवा दोनदा दिवा लावला असशील. हल्ली तुझं लक्ष कुठं असतं ते सांगू का सगळ्यांना?"

सगळे म्हणजे अप्पा. देवरूखच्या आमच्या घरात आम्ही तिघंच. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून अप्पांची थोरली बहीण, बनूआत्या, आमच्याकडे होती. अप्पा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांचा डावा डोळा आधीच गेलेला आणि उजव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. आमचे चेहरे त्यांना दिसत नव्हते, पण आवाजावरून सगळं दिसायचं.

मी देवापुढची पितळी वाटी पाटावर पालथी केली. तीन लाल गुंजा घरंगळल्या. तीन गुंजा म्हणजे उद्या मौन. आणि उद्या सकाळच्या गाडीने मला बघायला घाटावरून मुलगा येणार होता.

हे मौन मी अप्पांच्या उजव्या डोळ्यासाठी गणपतीला बोलले होते. वर्षभर, दर चौथ्या दिवशी, सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. रोजचंच धरलं असतं, पण मग अप्पांना पेपर कोण वाचून दाखवणार? म्हणून तीन दिवस वाचायचं आणि चौथ्या दिवशी गप्प. तशी मी मुळातच हळू बोलणारी. आत्या म्हणायची, मथूचं मौन कधी धरलं आणि कधी सुटलं ते कळायला घड्याळ बघावं लागतं.

"पण आत्या, तू तर म्हणाली होतीस, चोवीस दिवस काळजी नाही."

"मग नाहीच आहे! चार सक चोवीस. एकतीस वर्षं पाढे शिकवलेत मी, पंचायतीच्या शाळेत. पावकी, निमकी, अडीचकी झोपेत म्हणते. आणि तू मला गुंजा दाखवतेस?"

त्याचं असं झालं होतं. ज्यांचं स्थळ आलं ते लिमये घाटातल्या वीजकेंद्रावर नोकरीला. त्यांची सुट्टी रविवारी नसे. पाच दिवस ड्यूटी, सहाव्या दिवशी सुट्टी, मग तो वार कुठलाही असो. दासनवमीला त्यांची सुट्टी होती, माझं मौन होतं, आणि रामाच्या देवळात कीर्तनाला आम्ही दोघंही होतो. प्रसादाच्या रांगेत ते माझ्यापुढे उभे. त्यांनी वळून मला विचारलं, "प्रसाद सुंठवड्याचा की पेढ्याचा?" मी मान हलवली. मग ते वीजकेंद्राबद्दल बोलले, घाटातल्या धुक्याबद्दल बोलले, त्यांच्या खोलीत शिरलेल्या एका माकडाबद्दल बोलले. मी मान डोलावत होते, हसत होते. रांग संपली तेव्हा ते म्हणाले, "छान गप्पा झाल्या हो आपल्या!" मी एक अक्षर बोलले नव्हते. त्यांना पत्ताच नव्हता.

देवळातल्या पुजाऱ्यांकडून पत्ता मिळवून तिसऱ्या दिवशी त्यांच्या आईचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे असं मुलगा म्हणतो, आम्ही रीतसर बघायला येऊ. खाली एक ओळ होती: 'मात्र एक आधीच सांगते, व्रतवैकल्यं करणारी सून मला नको. एक आहे, तेवढी पुरे.'

मी म्हटलं, "आत्या, मग कळवून टाक. नाही म्हणावं."

हे म्हणताना माझा आवाज इतका हळू झाला की अप्पांनी झोपाळा थांबवला.

"कळवत्येय!" आत्या म्हणाली. "विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपणहून कशाला? वर्षाचं तर व्रत, त्यातले सात महिने झाले. फक्त बघायला येतील तेव्हा तुझं मौन नको म्हणजे झालं." आणि तिने हिशेब केला. दासनवमीला सुट्टी आणि मौन एका दिवशी आले. तुझा चौथा, त्याचा सहावा. चार सक चोवीस, म्हणजे पुन्हा गाठ चोविसाव्या दिवशी. त्याची पुढची सुट्टी अमावास्येला, ती नको. त्याच्या पुढची बाराव्या दिवशी, ती धरू.

"बाराव्या दिवशी म्हणू नकोस गं," अप्पा म्हणाले. "षष्ठीला म्हण."

षष्ठीला ठरलं. मी मॅट्रिक झालेली, चार त्रिक बारा मलाही येत होतं. पण त्या दिवसांत मी काय मोजत होते ते देवालाच ठाऊक. दोनदा मीठ घातलेली आमटी अप्पांनी निमूट खाल्ली होती.

आणि आता त्या तीन गुंजा पाटावर.

आत्याने बोटं मोडत दासनवमीपासून मोजलं. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. मग ती पाटावर बसली. "चार सक चोवीस बरोबरच आहे," ती म्हणाली. "पण हे बारा मधेच कुठून आले?"

आमच्याकडे फोन नव्हता. तार त्यांच्या हातात पडेपर्यंत ते गाडीत बसलेले असणार.

"घसा बसलाय म्हणून सांगू," आत्या म्हणाली.

"खोटं नको," अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यासाठी धरलेल्या व्रतावर खोटं घालू नका. मथू, तू उद्या बोल. माझ्यासाठी धरलंस ना? मी तुला मोकळी करतो."

"तुमच्यासाठी धरलं, पण तुमच्यापाशी नाही धरलं अप्पा," मी म्हटलं. उजाडलं आणि मी गप्प झाले.

लिमये आणि त्यांची आई साडेदहाच्या गाडीने आले. लिमयेकाकू उंच, करारी, नऊवारीचा काठ सुरीने कापल्यासारखा सरळ. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या, वाकून नमस्कार केला आणि खाली मान घालून बसले.

"नाव काय बाळ तुझं?"

"मथुरा!" आत्या म्हणाली.

"शिकलीस किती?"

"मॅट्रिक! गणितात पासष्ट!"

"पोहे कुणी केले?"

"हिनेच! लाडू पण! पेपर पण वाचते!"

"बनूताई," लिमयेकाकू म्हणाल्या, "मी तुम्हाला बघायला आलेली नाही."

अप्पांना ठसका लागला. मी तांब्याभांडं घेऊन धावले. धावताना पायातलं पैंजण वाजलं. एवढाच काय तो माझा आवाज त्या खोलीत झाला.

"लाजरी आहे हो," आत्या म्हणाली.

"लाजरी चालेल. पण नाव तरी स्वतःच्या तोंडाने सांगेल ना? आमच्या शेजारच्या घरात फसवून मुलगी दिली होती, लग्नानंतर कळलं ऐकूच येत नाही. मला आवाज ऐकू दे तिचा."

मी वर बघितलं. आत्याच्या कपाळावर घाम. अप्पांचा हात झोपाळ्याच्या कडीवर घट्ट. आता विचारलंच होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

"आई," लिमये एकदम उठून म्हणाले, "आम्ही परसात जाऊन जरा बोलू का?"

"बोलायचं कशाला परसात? इथं बोल."

"इथं तू आहेस ना."

लिमयेकाकूंनी हात उडवला. आम्ही परसात गेलो.

फाल्गुनातली ती चिंचा फोडायची वेळ. परसात सुपावर चिंचेचा ढीग होता, बाजूला चिंचोके, बाजूला टरफलं. लिमये पायरीवर बसले आणि दासनवमीला सोडलेला धागा त्यांनी उचलला. माकड परत आलं होतं म्हणे. या खेपेला त्याने साबण नेला. मी तोंडाला पदर लावून हसले. ते आणखी फुलले.

"तुमच्याशी बोलायला इतकं बरं वाटतं! त्या दिवशीही तुम्ही किती..." ते थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "त्या दिवशी तुम्ही काही बोलला होतात ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काहीच नाही?"

काहीच नाही.

"बोलता येतं ना तुम्हाला?"

मी जोरात होकारार्थी मान हलवली.

"मग मी आवडलो नाही का?"

मी इतक्या जोरात नकारार्थी मान हलवली की केसांतला एक आकडा सुटून पायरीवर पडला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. मीही.

माझ्या व्रतात खुणा चालत होत्या. लिहिणं चालत नव्हतं, कारण लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणंच, असं मी ठरवलं होतं. चिंचोके कशात मोडतात याचा विचार करायला वेळ नव्हता. मी सुपाशेजारचे चार चिंचोके उचलले आणि पायरीवर ओळीने मांडले. चौथ्यावर बोट ठेवलं.

लिमयांनी चिंचोक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चार?" ते म्हणाले. "चार... मुलं?"

मी दोन्ही हात हलवले. पुढे आणखी चार मांडले.

"आठ!"

मी डोक्याला हात लावला. आणखी चार मांडले.

"अहो बारा कसे मावतील? क्वार्टर दोन खोल्यांचं आहे!"

मी खाली बसले. मला इतकं हसू येत होतं आणि ते बाहेर सोडायचं नव्हतं. हसण्याचा आवाज मौनात चालतो की नाही हेही मी कधी ठरवलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग पदराने डोळे पुसून मी पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन: या तिघांपुढे बोटांनी चोच उघडझाप करून दाखवली, बडबड बडबड. चौथ्यापुढे ओठांवर बोट. आणि त्याच्याखाली चिंचेचं टरफल ठेवलं. आत देवघराकडे हात जोडले, डोळ्यावर हात ठेवून अप्पांच्या झोपाळ्याकडे दाखवलं. पाच, सहा, सात: बडबड. आठव्याखाली टरफल, ओठांवर बोट. बाराव्याखाली टरफल. आणि बोट माझ्या छातीवर, मग सूर्याकडे: आज.

लिमयांनी एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत पहिल्यापासून मोजलं. 

"दर चौथ्या दिवशी मौन," ते म्हणाले. "अप्पांच्या डोळ्यासाठी. आणि आज आहे."

मी इतकी मान डोलावली की दुसराही आकडा पडला.

"थांबा थांबा!" ते पायरीवरून उतरून खालीच बसले. अंगणातले खडे वेचले. "दासनवमीलाही होतं! आणि मला सुट्टी होती." त्यांनी सहाव्या चिंचोक्याच्या वर एक खडा ठेवला. "ही अमावास्येची सुट्टी." मग दुसरा खडा घेऊन ते बोटाने मोजत पुढे निघाले आणि मी शेवटचं टरफल सरळ करायला हात पुढे केला. बाराव्या चिंचोक्यापाशी आमचे हात एकदमच पोचले. कुणी मागे घेतला नाही. निदान लगेच तरी नाही.

"आजचा दिवस ठरवताना तुमच्या आत्याबाईंनी चोवीस धरले असतील," ते म्हणाले.

माझे डोळे विस्फारले.

"अहो, आमच्याकडे प्रत्येक नवा माणूस तेच करतो! दोन पंप आहेत. एकाला दर चौथ्या दिवशी वंगण, एकाला दर सहाव्या. नवा माणूस म्हणतो, दोन्ही एकदम म्हणजे चार सक चोवीस, आरामात बसू. आणि बाराव्या दिवशी सकाळी दोन्ही पंप त्याच्यापुढे उभे! चोविसावा दिवस खोटा नाही, तिथंही दोन्ही येतात. पण ती दुसरी भेट. पहिली भेट त्याच्या आधीच होऊन गेलेली असते." ते बाराव्या चिंचोक्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते, जणू तो त्यांनीच पिकवला होता. मग त्यांचा आवाज खाली आला. "मला आईशी खोटं बोलता येत नाही. बोलत राहतो आणि खरं बाहेर पडतं. सांगू तिला?"

सांगितलं तर पत्रातली ती शेवटची ओळ होती. न सांगितलं तर लिमयेकाकू मला मुकी समजून उठून जाणार होत्या. दोन्हीकडून स्थळ जाणारच होतं. मग खऱ्याने गेलं तर बरं. मी सुटलेले दोन्ही आकडे पुन्हा केसांत खोचले आणि मान हलवली: सांगा.

आत आत्या लिमयेकाकूंना आमच्या आंब्याच्या कलमांची माहिती देत होती. लिमयेकाकू भिंतीकडे बघत होत्या.

"बोलली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," लिमये म्हणाले. "तिचं आज मौन आहे. वडिलांच्या डोळ्यासाठी, दर चौथ्या दिवशी."

झोपाळा करकरला आणि थांबला.

"चूक माझी!" आत्या उभी राहिली. "मुलीचा काही दोष नाही. मी चोवीस धरले. एकतीस वर्षं पोरांच्या हातावर छड्या मारल्या मी पाढे चुकले म्हणून. त्या सगळ्या आज परत घ्यायला तयार आहे."

"छड्या राहू देत," लिमयेकाकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "व्रतवैकल्यं नकोत, असं मी लिहिलं होतं."

"हो," अप्पा म्हणाले. "आणि आम्ही ते वाचून सांगितलं नाही. ही तर कळवाच म्हणत होती. आम्हीच गप्प बसलो. पण तिनं मौन मात्र सोडलं नाही. मी सोड म्हटलं तरी नाही."

लिमयेकाकूंनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मला वाटलं, उठल्या आता.

"माझ्या थोरल्या सुनेचा सोमवारचा उपास असतो," त्या म्हणाल्या. "रविवारी दुपारपासून आम्हाला तो ऐकू यायला लागतो. साबुदाणा कोण भिजवणार, शेंगदाणे कोण कुटणार, डोकं दुखतंय, कुणी विचारत नाही. गुरुवारी एकभुक्त, तेही सगळ्या आळीला माहीत. उपास तिचा, दमायचं आम्ही. म्हणून मी लिहिलं तसं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ही पोरगी. पोहे केले, पाणी दिलं, नमस्कार केला, ठसका लागला तर धावली. मी बोल बोल म्हणून मागे लागले तरी चेहऱ्यावर आठी नाही. व्रत आहे हे मला कळलंसुद्धा नाही. असली व्रतं घरात पाच असली तरी मला चालतील."

आत्या मटकन खाली बसली. लिमये माझ्याकडे बघून हसले, मी जमिनीकडे बघून हसले.

"पण," लिमयेकाकू म्हणाल्या, आणि आम्ही सगळे पुन्हा ताठ. "मुलीला न विचारता मी मुलगी नेत नाही. मला विचारलं नव्हतं कुणी. तेव्हा तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी नारळ घेणार नाही. रंगा, पुढची सुट्टी कधी तुझी?"

"सहा दिवसांनी."

"त्या दिवशी हिचं मौन आहे का?"

"चार सक..." आत्याने सुरुवात केली.

"बनूताई!" अप्पा ओरडले.

"नाही आई," लिमये म्हणाले. "आज दोघांची गाठ पडली, आता पुन्हा बारा दिवसांनी. त्यामधली सुट्टी मोकळी."

"नक्की?"

"पंपांची शपथ."

मग ते दोघं दुपारच्या गाडीने गेले. दिवेलागणीला माझं मौन सुटलं, पण मला काही बोलावंसंच वाटेना. मी अप्पांना तोच पेपर दोनदा वाचून दाखवला आणि त्यांनी तो दोनदा ऐकला. मधे चौथ्या दिवशी आणखी एक मौन झालं, ते मला जन्मातलं सगळ्यात लांब वाटलं. आत्याने त्या सहा दिवसांत भिंतीवर कोळशाने चारचा पाढा आणि सहाचा पाढा शेजारी शेजारी लिहिला. येता-जाता ती त्यांच्याकडे बघायची आणि बारा, चोवीस, छत्तीस यांच्याभोवती गोल करायची. एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही, असं पुटपुटायची.

काय बोलायचं याची मी तयारी केली होती. आत्याने तीन वाक्यं बसवून दिली होती: पहिल्यात नाव, दुसऱ्यात शिक्षण, तिसऱ्यात मोठ्यांच्या इच्छेबाहेर मी नाही वगैरे. अप्पा म्हणाले, तिसरं नको, ते खोटं आहे. मग दोनच राहिली.

त्या दिवशी साडेदहाची गाडी पावणेबाराला आली. मी दारातच उभी होते. फाटकाशी आधी लिमयेकाकू दिसल्या, मागे लिमये, हातात मिठाईचा पुडा, तोंडाने चालत्या वाटेवरही काहीतरी सांगतच होते. ते अंगण ओलांडून आले. लिमयेकाकू वाकल्या, चपलेचा अंगठा सोडवायला. मागून आत्याने मला कोपराने ढोसलं: नाव, आधी नाव.

"हो!" मी म्हणाले.

शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं, इतक्या मोठ्यांदा. मी आयुष्यात कधी तेवढ्या मोठ्यांदा बोलले नव्हते.

लिमयेकाकू एका पायावर उभ्या, हातात एक चप्पल. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"अगं, मी अजून विचारलं कुठं?"